दुसरी टेक्निकल

डिचोलीच्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या गौरवी भिकाजी सरांच्या पाया पडली. अंगात पंचाचा करडा शर्ट, गळ्यात शिट्टी, आणि वाकून नमस्कार! पण आपल्याकडे गुरू दिसला की कंबर आपोआप वाकते, तेव्हा अंगात कुठला शर्ट आहे हे कोण बघत बसतो? पेडण्याच्या शाळेमागच्या लाल मातीच्या मैदानावर सरांनीच तिच्या हातात पहिला बास्केटबॉल दिला होता. पंचांच्या परीक्षेला तिला बसवलं तेही त्यांनीच, मागे लागून लागून. महिनाअखेरीस सर निवृत्त होणार होते. म्हणजे शाळकरी मुलींची ही फायनल त्यांची शेवटचीच मॅच.

"सुखी रांव गो," सर म्हणाले, आणि आपल्या पेडण्याच्या संघातल्या मुलींकडे वळले.

हे सगळं डिचोलीच्या संघाचा कोच परेश बघत होता. हसत हसत तो म्हणाला, "मॅडम, आमच्या पोरींक पण आशीर्वाद मेळतलो मगे?"

आजूबाजूचे चारजण हसले. गौरवीही हसली, पण ते वाक्य तिच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. बाई पंच म्हटल्यावर लोक आधीच दोन डोळे जास्त लावून बघतात, त्यात ही सरांची लाडकी. आज कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही, असं तिने ठरवून टाकलं. माणूस असं काही ठरवतो ना, तेव्हाच खरं तर त्याने घरी जावं.

सरांना एक खोड होती. आखलेल्या चौकटीतच कोचने उभं राहायचं असतं, पण मॅच रंगली की सर ओरडत ओरडत रेषेच्या कडेने थेट दुसऱ्या टोकाला पोचायचे. गोव्यातल्या सगळ्या पंचांना हे ठाऊक. पंचाने नुसता तळहात दाखवला की सर जीभ चावून मागे फिरायचे. त्या दिवशी गौरवीने तळहात दाखवला नाही. शिट्टी वाजवली आणि दोन्ही हातांनी टीची खूण केली. टेक्निकल. म्हणजे कोचच्या वागण्याबद्दल समोरच्या संघाला एक फ्री थ्रो. आणि कोचच्या नावावर अशा दोन झाल्या की त्याने हॉलच सोडायचा.

सर जागेवर जाऊन बसले. पलीकडून परेशने टाळी वाजवली. "वा! ही खरी पंच!" खोटं कशाला सांगा, ती टाळी गौरवीला गोड लागली.

मॅच संपत आली तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत होते. सरांची कप्तान प्रतीक्षा, हरमलची पोर, बास्केटखाली उडी मारून उतरली ती वेड्यावाकड्या पायावर. तिची किंकाळी साऱ्या हॉलभर गेली. गौरवीने खेळ थांबवला. सर धावत आत आले आणि प्रतीक्षाच्या पायाशी बसले.

कोचने आत येण्याआधी पंचाची परवानगी घ्यायची, असा नियम आहे. परवानगी म्हणजे तरी काय? पंचाने हात हलवून "या" म्हणायचं. पडलेल्या पोरीसाठी तो हात न हलवणारा पंच कुणी पाहिला नव्हता.

"मॅडम!" परेश बाकावरून ओरडला. "परवानगी कोणाची?"

आणि गौरवीची शिट्टी वाजली. डोक्यात विचार यायच्या आधी हातांनी टी करून टाकला.

सरांनी मान वर करून तिच्याकडे एकदा पाहिलं. मग हातातला प्रतीक्षाचा पाय दुसऱ्या मुलीच्या हातात दिला. "हय धर. हालवू नाका," म्हणाले, आणि उठून दाराबाहेर गेले. वाद नाही, हातवारे नाहीत. बाहेर काढलेल्या कोचने कसं जावं हेही जणू ते शिकवून गेले.

डिचोलीच्या मुलीने फ्री थ्रो टाकला. पेडणं शेवटी त्याच एका गुणाने हरलं.

बक्षीस समारंभात सरांचा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, चार शब्द. गौरवी आयोजक नारायण यांच्याकडे धावली. "सरांक आत घेवया."

"भायर काढिल्ल्या कोचाक आत कसो घेतलो?" ते म्हणाले. "तूच काढलंस मगे? आणि पाहुण्यांक मये गांवांत लगेच दुसरो कार्यक्रम आसा. तू तांची शिष्या, तूच घे."

तिने नाही म्हणायला हवं होतं. पण माईकवर तिचं नाव पुकारून झालं होतं. पाहुण्यांनी तिच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, फोटो निघाला.

बाहेर सर प्रतीक्षाला मिनीबसमध्ये बसवत होते.

"सर, माजी चूक झाली."

"चूक सगळ्यांची जाता गो," सर शांतपणे म्हणाले. "तू चुकूक नाय. तू परेशाक भियालंस."

तिने शाल काढून पुढे केली. सरांनी ती हातातही घेतली नाही.

"तुका घातली मगे तांणी? मग तुजीच ती." आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला किती बरं वाटलं असतं! बस पेडण्याच्या वाटेला लागली आणि गौरवी शाल हातात घेऊन तिथेच उभी राहिली.

घरी आई, सुमंगला, दारातच होती. शाल बघून तिचा चेहरा फुलला. "अगो बाय! तुजो सत्कार?" नारळ तिने देवापुढे ठेवला, शालीवरून हात फिरवला, शेजारणीला हाक मारली. गौरवीला वाटलं, सगळं सांगून टाकावं. पण आईची ती हौस तिला मोडवेना.

"सरांक दाखयलंस?" आईने विचारलं.

"दाखयली."

"कितें म्हणाले?"

"तुजीच ती, म्हणाले."

"देवमाणूस गो तो," आई म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

गौरवी तोंड धुवायला म्हणून मोरीत गेली. नळ मोठा सोडला आणि तोंडात पदराऐवजी त्या करड्या शर्टाची बाही कोंबून रडली.