दर फेस्ताला एक हात रंग

मित्रांनो, मी उपदेशाचा एक जुना सागवानी सज्जा आहे. होतो, असं म्हणायला हवं. सिल्वासातल्या एका चर्चमध्ये, डाव्या भिंतीवर माझी जागा होती. चर्चचं नाव सांगत नाही. उगाच कशाला कोणाची अब्रू काढा?

पोर्तुगीज अमलात खानवेलच्या जंगलातल्या सागातून मला घडवलं. अंगावर द्राक्षांचे घोस कोरले. चर्चच्या भिंती चुन्याच्या, हातभर जाड, आणि वर कौलं. फादर माझ्या पायऱ्या चढून उपदेश करायचे. डोक्यावरच्या लाकडी छत्रीवर आपटून त्यांचा शब्द शेवटच्या बाकापर्यंत जायचा. काय मान होता माझा तेव्हा! मग माइक आला, आणि माझ्यात नाताळचे कंदील, मोडकी खुर्ची असलं सामान कोंबलं गेलं. एक माणूस तेवढं मला विसरलं नाही. राखोलीची पुतळाबाई.

तिचं लग्न माझ्यासमोर लागलं. पोरगा तापाने फणफणला तेव्हा ती नवस बोलली, की दर फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, मला रंग देईन. चॉकलेटी ऑइलपेंट, चकचकीत. लोक म्हणायचे, "सज्जा बघा, कालच केल्यासारखा!" मीही फुगायचो, खोटं कशाला बोलू?

भिंतींचा चुना खरवडून सिमेंटचा गिलावा केला, तिथून माझे दिवस फिरले. पावसाचं पाणी भिंतीत मुरायचं, त्याला बाहेर पडायला वाट नसायची, मग ते माझ्या पाठीत उतरायचं. दर पावसाळ्यानंतर माझ्या अंगावर काळा डाग उठायचा. मला तोंड नाही, सांगायला माझ्यापाशी तो डागच होता. पुतळाबाई यायची, "काळा पडला रे बाबा माझा," म्हणून हळहळायची, आणि डागावरून ब्रश फिरवायची.

यंदा गाण्यांचे शब्द दाखवायला भिंतीवर मोठा पडदा लावायचा, म्हणून मला काढायचं ठरलं. पुतळाबाई सभेत उभी राहिली. "मी जिती हाय तवर याला हात लावायचा नाय!" घरोघरी जाऊन तिने लोकांची मनं वळवली. शेवटी फादर म्हणाले, "ठीक आहे, राहू दे. सुतार फक्त मजबुती बघेल."

चेतन सुताराने माझ्यावर पेचकस टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला. वाळवीने मला केव्हाच खाल्लं होतं.

"असं कसं? दर साल रंग देते ना मी!" पुतळाबाई ओरडली.

"आजी, अंदर लाकूड नाय उरलं. नुसता रंग उभा आहे."

संध्याकाळपर्यंत मी अंगणात तुकडे होऊन पडलो होतो. द्राक्षांच्या घोसाची एक फळी तेवढी धड निघाली. ती पदरात गुंडाळून पुतळाबाईने घरी नेली. तिथेच, मारिया मातेच्या तसबिरीखाली, भिंतीला टेकून मी हे सांगतोय.

मित्रांनो, असल्या मायेचा मला राग येतो. जुन्या वस्तूवर डाग दिसला तर तो झाकू नका. मागे काय मुरतंय, ते एकदा तरी बघा. माझ्यासाठी कोणी बघितलं नाही.

परवा शेजारची चंदा आली होती. पुतळाबाई तिच्यापाशी रडली. "गेल्या साली मी आजारी होते, तेवढा एकदाच रंग चुकला. म्हणून लागली गं वाळवी."

या घराची भिंतही ओलीच आहे. माझ्या कोपऱ्यावर लहानसा काळा डाग आलाय. उद्या फेस्त. पुतळाबाई डब्याचं झाकण उचकटतेय.

"यंदा दोन हात देते तुला," ती म्हणतेय.