छतावरचा दिवा आणि आठ पेट्या

मित्रांनो, मला जुनी म्हटले तर मी रागावणार नाही. फक्त खटारा म्हणू नका, एवढीच विनंती. मी एक डोंगरगाडी आहे. चार जाड चाके, पुढे शेजारी शेजारी दोन आसने, डोक्यावर लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर पत्र्याचे छत, पाठीवर सामानाचा हौदा, एवढाच माझा संसार. मला दारे नाहीत. त्यामुळे बसणाऱ्याला उतरायची आणि वाऱ्याला आत शिरायची पूर्ण मोकळीक असते. डांबरी रस्त्यावर मी जरा बावळट दिसते, हे मला ठाऊक आहे. पण जिथे डांबर संपून दगडगोटे सुरू होतात, तिथे माझ्या कानात वारे शिरते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एकाने सांगाडा जोडला, दुसऱ्याने इंजिन बसवले आणि एका मुलीने माझ्या प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. हा नट मी स्वतः आवळला आहे, अशी ती तिची सही. मला हळदीसारखा पिवळाधमक रंग मिळाला. निघताना तिथल्या साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "धावायला तयार आहे. पुढचं घेणारा बघून घेईल."

हे पुढचे म्हणजे काय, ते मला फार उशिरा कळले. नवी डोंगरगाडी कारखान्यातून निघते ती धावण्यापुरती. तिला कामाजोगी करायची ती घरी आणल्यावर. कुणी तिच्यातून लाकडे नेतो, कुणी आजारी माणसे, कुणी दुधाचे कॅन. ज्याचे जसे ओझे, तशी त्याची गाडी सजते. निदान सजायला हवी.

मला घेतले वहिनींनी. त्या खऱ्या एकाच माणसाच्या वहिनी, पण तो माणूस दिवसातून पन्नास वेळा "आमच्या वहिनी, आमच्या वहिनी" करत असल्यामुळे सगळा परिसर त्यांना वहिनीच म्हणू लागला. वहिनी मधमाश्या पाळतात. त्यांचे यजमान बोटीवर कामाला, वर्षातून दोनदा घरी येणार. तेव्हा पेट्यांचे सगळे काम त्यांच्याच अंगावर. खालच्या फळबागेत फुलोरा असला की पेट्या बागेत, आणि तिथला फुलोरा सरत आला की दोन तासांच्या चढणीवरच्या पठारावर. आधी त्या एकेक पेटी हातगाडीवरून न्यायच्या. मला पाहून त्यांनी माझ्या हौद्याची लांबी वितीने मोजली आणि म्हणाल्या, "आठ बसतील." माझ्याविषयी कुणी काढलेला तो पहिला चांगला शब्द.

तो एक माणूस म्हणजे त्यांचे धाकटे दीर, भाऊजी. त्यांचे बाजारात चष्म्याचे दुकान आहे. स्वभावाने लाखात एक, पण नवी वस्तू दिसली की त्यांना राहवत नाही. मी आले त्याच आठवड्यात वहिनी मध काढण्याच्या गडबडीत होत्या. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही काळजीच करू नका. गाडीला काय हवं नको ते मी बघतो." आणि खिशात हातभर लांब यादी घेऊन ते मला गॅरेजात घेऊन गेले.

गॅरेज एका फिटरबाईंचे होते. त्या कमी बोलतात आणि आधी गाडीखाली शिरतात. माझ्या पोटाखालून त्यांचा आवाज आला, "हिच्यातून न्यायचं काय आहे?"

"मधाच्या पेट्या," भाऊजी म्हणाले. "पण ते नंतर. आधी गाडी चारचौघांत उठून दिसली पाहिजे."

फिटरबाई बाहेर आल्या, हात पुसले आणि सरळ सांगितले. पोटाखाली जाड पत्रा. पुढे काच. हौद्यात कड्या आणि सामान बांधायचे रुंद पट्टे. चिखलात रुतले तर स्वतःला ओढून काढता यावे म्हणून पुढे विंच. आणि मागचे दिसायला आरसे. भाऊजींनी मान डोलावली आणि आपली यादी पुढे केली. छतावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दिव्यांची पट्टी. दोन स्पीकर. तीन सुरांत वाजणारा भोंगा. आणि गाडी उंच, ऐटदार दिसावी म्हणून कडक स्प्रिंगा.

"काच तरी घ्या," फिटरबाई म्हणाल्या.

"काचेने वारा अडतो हो. डोंगरातली मजाच जाते."

दुसऱ्यांच्या डोळ्यांपुढे काचा लावून पोट भरणारा हा माणूस माझ्या पुढची काच मात्र नको म्हणत होता. फिटरबाईंनी कपाळाला हात लावला. "स्प्रिंगा कडक केल्या तर मागचं ओझं उसळेल, बरं का."

"उसळू दे की. गाडी आहे, पाळणा आहे का?"

फिटरबाईंनी यादीप्रमाणे सगळे बसवले. फक्त पोटाखालचा पत्रा त्यांनी न विचारताच लावला. "हा नसेल तर गाडी माझ्याकडून नेली असं कुणाला सांगू नका," एवढेच बोलल्या.

आता खरे सांगते, मित्रांनो. मला तेव्हा भाऊजींचेच पटले होते. दिवा लागला की सगळी आळी उजळायची. मुले माझ्याभोवती गोळा व्हायची, भोंगा वाजवून बघायची, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे. वहिनींनी मला चहूबाजूंनी पाहिले. "पेट्या कशाने बांधायच्या?" त्यांनी विचारले. भाऊजी म्हणाले, "घरात दोरी आहे की." वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा त्यांच्या हसऱ्या चेहऱ्याकडे, आणि म्हणाल्या, "छान दिसते." त्यांना भाऊजींचे मन मोडवले नाही. मी मात्र ती शाबासकी समजून बसले.

मग एक दिवस बागवानांचा निरोप आला. बागेत कीड पडली होती. उद्या सकाळी सातला औषधाची फवारणी, एक दिवसही थांबता येणार नव्हते. फवारलेल्या फुलावर माशी बसली की ती संपलीच. सगळ्या आठ पेट्या त्याआधी हलवायला हव्या होत्या. वहिनींचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी माश्यांची ही घराणी सात वर्षे जपली होती, हिवाळ्यात पेट्यांना पोती गुंडाळून, उन्हाळ्यात पाण्याची ताटली ठेवून.

संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर त्यांनी प्रत्येक पेटीच्या दाराच्या फटीवर जाळी बसवली. पहाटे, अजून अंधार असताना, आठही पेट्या माझ्या हौद्यात चढल्या. भाऊजी मदतीला आले होते. त्यांना माश्यांची इतकी भीती, की दोन स्वेटर, बुरखा आणि हातमोजे घालून ते आले तेव्हा वहिनींनी सुद्धा त्यांना आवाजावरून ओळखले. पण आले. स्टिअरिंगही त्यांनीच हातात घेतले, आणि छतावरचा दिवा लावला.

ओढ्याच्या वळणापर्यंत सगळे ठीक होते. तिथे एक खळगा आहे. मऊ स्प्रिंगांची गाडी तो गुपचूप उतरून जाते. मी उसळले. दोरी सैल झाली, एक पेटी शेजारणीवर आदळली आणि तिची जाळी निघाली.

आतून माश्या बाहेर पडल्या त्या थेट उजेडाकडे. उजेड कुठे, तर माझ्या डोक्यावर. वाटेत जे आले, त्यावर त्या बसल्या. वाटेत होते भाऊजी, आणि पुढे काच नव्हती.

"गाडी थांबवा," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "दिवा बंद करा. आणि भोंग्याला हात लावू नका."

भाऊजींनी गाडी थांबवली. दिव्याचे बटण शोधताना त्यांचा हात भोंग्यावर पडला आणि माझ्या तोंडून तीनही सूर निघाले. मित्रांनो, त्या क्षणी मला जमिनीत गडप व्हावेसे वाटले.

दिवा विझला. वहिनींनी टॉर्चवर आपला लाल रुमाल गुंडाळला, कारण लाल उजेड माश्यांना दिसत नाही. त्या उजेडात त्यांनी वर पाहिले. दिव्याची पट्टी अजून गरम होती आणि हवा गार. दोन-तीन ओंजळी भरतील इतक्या माश्या त्या पट्टीला बिलगून बसल्या होत्या.

"झटकून टाकू या?" भाऊजींनी विचारले.

"या गारठ्यात जमिनीवर पडल्या तर पुन्हा उठायच्या नाहीत."

"मग तशाच जाऊ द्या. ऊन आलं की उडतील."

"उडतील हो. पण जातील कुठे? त्यांना बाग एवढीच माहीत. बाग इथून हाकेवर आहे." वहिनींचा आवाज पहिल्यांदाच कापला. "सातला तिथे फवारा चालू होणार, भाऊजी."

पूर्वेकडे आभाळ किंचित फिकट झाले होते. भाऊजींनी आसनाखालची हत्यारांची पिशवी काढली आणि म्हणाले, "पट्टीच उतरवतो. आहे तशी, माश्यांसकट. पेटीच्या तोंडाशी धरू."

ते माझ्या पुढच्या चाकावर चढले. जाड हातमोज्यांत स्क्रू लागेना. त्यांनी हातमोजे काढले. बुरख्यातून नीट दिसेना, तर बुरखाही काढला. चष्म्याच्या दांडीतला तिळाएवढा स्क्रू रोज फिरवणारी ती बोटे, पण त्या दिवशी त्या बोटांवरून माश्या चालत होत्या. एकूण आठ स्क्रू. तिसऱ्याला एक माशी त्यांच्या नाकावर येऊन बसली. एरवी नाकावर माशी बसू न देणारा हा माणूस, पण हलला नाही. पाचव्याला एक डंख बसला. "आई गं," एवढेच ते हळूच म्हणाले आणि सहावा स्क्रू फिरवू लागले. माझ्यावर इतक्या हौसेने चढवलेली वस्तू ते इतक्या जपून उतरवत होते, की मला भरून आले.

वायरचा जोड काढला आणि पट्टी सुटली. तान्ह्या मुलाला घ्यावे तशी ती दोन्ही हातांवर घेऊन ते खाली उतरले आणि पेटीच्या फटीला लावून उभे राहिले. आधी काहीच झाले नाही. मग आतल्या माश्यांनी दारात येऊन पंखांनी वारा घातला. घराचा वास बाहेरच्यांना लागला. एक वळली, मग दहा, मग सगळीच रांग पेटीत शिरू लागली. भाऊजींचे हात भरून आले तरी त्यांनी पट्टी हलवली नाही. शेवटच्या पाच-सहा माश्या वहिनींनी बोटावर घेऊन आत सोडल्या आणि जाळी पक्की केली. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पुढे वहिनींनी चालवले, माणूस चालतो तितक्या वेगाने. पट्टे नव्हते, म्हणून भाऊजी हौद्यात बसून पेट्या कवेत धरून आले. हौद्यात माणसाने बसू नये, हे तुम्हाला ठासून सांगते. त्या दिवशी इलाज नव्हता. कडक स्प्रिंगा म्हणजे काय, ते भाऊजींना चढणीभर हाडाहाडात कळले. वाटेत एक धोंडा खालून माझ्या पोटावर खरवडत गेला. न विचारता लावलेल्या पत्र्याने तो झेलला.

पठारावर पोचलो तेव्हा ऊन नुकतेच गवतावर उतरत होते. आठही पेट्या उतरवून वहिनींनी एकेक जाळी काढली. खालून, फार लांबून, फवारणीच्या यंत्राचा आवाज ऐकू आला. भाऊजींनी घड्याळ पाहिले. वहिनी पेट्यांपाशी बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही नसतात तर आज माझी एक पेटी गेली असती."

"मी नसतो तर जाळी निघालीच नसती, वहिनी."

दोघे हसले. भाऊजींचे नाक एव्हाना बटाट्याएवढे झाले होते, त्यामुळे त्यांना हसतानाही दुखत होते.

दुसऱ्याच दिवशी भाऊजी मला घेऊन पुन्हा गॅरेजात गेले. "बाई, मी हौद्यात बसतो," ते म्हणाले. "मांडीवर काठोकाठ पाण्याचं पातेलं घेतो. तुम्ही आवारात फिरवा. ज्या स्प्रिंगांनी पाणी सांडायचं थांबेल, त्या ठेवा." फिटरबाई त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. चार वेळा स्प्रिंगा बदलल्या आणि चार वेळा भाऊजी भिजले. मग पट्टे आले, काच आली, विंच आला, आरसे आले. दिव्याची पट्टी पुन्हा चढली नाही, स्पीकर दुकानात गेले. मी पूर्वीइतकी ऐटदार राहिले नाही आणि मुलांची गर्दीही ओसरली. सुरुवातीला मला ते जरा लागले, कशाला खोटे सांगू.

त्यानंतर अकरा वेळा बागेतून पठारावर आणि पठारावरून बागेत माझी खेप झाली. एकही जाळी निघाली नाही. आता माझा पिवळा रंग विटला आहे. कधी कधी चार-चार आठवडे मी शेडमध्ये उभी असते, पोटाखाली चिखल तसाच वाळतो आणि गंज हळूहळू वर चढतो. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी गाडी असेल तर काम झाले की तिचे पोट धुवा, नट आवळा, पट्टे कुठे उसवलेत का ते बघा.

आणि नवी गाडी आणाल तेव्हा तिला जरूर सजवा. आम्हालाही सजायला आवडते. पण यादी करण्याआधी एकदा मागे हौद्याकडे जाऊन उभे राहा आणि तिथून कोण जाणार आहे ते आठवा. मागून जाणाऱ्याला बोलता येत नसेल, तर त्याच्या वतीने तुम्हालाच सांगावे लागेल, की हळू चला.