बिहोगो आणि सरकारची मैत्री

किटुंगाच्या टेकडीवर आमची गुरांच्या शास्त्राची सरकारी संस्था आहे. तिला दोन बाजू. पुढच्या बाजूला डॉक्टर, काचेची भांडी आणि परदेशी पाहुणे. मागच्या बाजूला आम्ही. सरकारी भाषेत आमचं नाव 'सहाय्य सेवा'. फाटकावर मी, धोबीखान्यात जोव्हिया, ट्रकवर कटुंगी आणि मेलेली जनावरं जाळायच्या भट्टीवर बगूमा. पुढची माणसं रोगाचं नाव शोधतात, पण त्यांच्या अंगात धुतलेला कोट आणि नळाला पाणी असेल तरच. बगूमाच्या भट्टीचं तर काय सांगावं. एकदा तिच्यात अख्खा पाणघोडा जाळला, तर धूर इतका कमी की वरून उडणाऱ्या करकोच्याला शिंकसुद्धा आली नाही. कुणाला खोटं वाटत असेल तर त्यानं जाऊन करकोच्याला विचारावं.

त्या वर्षी उन्हाळा लागला आणि दर बाजाराच्या दिवशी एक म्हातारा फाटकाशी येऊन बसू लागला. हातात उंच काठी, डोक्यावर टोपी, काखेत दुधाचं लाकडी भांडं, वर विणलेलं टोकदार झाकण. आल्यावर रीतीप्रमाणे आधी माझ्या गाईंची खुशाली विचारायचा, मग पोरांची, शेवटी माझी. आणि मग अगदी सहज म्हणायचा, "सरकार आहे का आत?"

आता अशा प्रश्नाला सरळ उत्तर देईन तर तो मी कसला. म्हटलं, सरकार जेवायला गेलंय. म्हाताऱ्यानं मान हलवली, घटकाभर सावलीत बसला, भांड्यातलं दूध माझ्या कपात ओतलं, सरकार आलं की द्या म्हणाला आणि गेला. पुढच्या बाजाराला मी सांगितलं, सरकार आंघोळीला गेलंय. त्याच्या पुढच्या वेळी सरकारच्या सासऱ्याला बरं नव्हतं. म्हातारा प्रत्येक वेळी पटल्यासारखा मान हलवायचा आणि दूध ठेवून जायचा. सरकार येईपर्यंत दूध नासू नये म्हणून ते मी प्यायचो. एवढी सेवा तर कुणीही करेल.

पण म्हाताऱ्याला सरकार हवंय कशाला, हे काही कळेना. जोव्हियाचं म्हणणं, मुलाला नोकरी लावायची असेल. बगूमाला खात्री की तो गुरांच्या व्यापाऱ्यांचा हेर आहे, कारण इतका सभ्य माणूस आपण होऊन सरकारी फाटकाशी येतच नाही. आणखी एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. म्हातारा दिसला रे दिसला की ड्रायव्हर कटुंगी ट्रकखाली शिरायचा आणि म्हातारा गेल्यावरच बाहेर यायचा. ट्रकमध्ये तेव्हा काही बिघाड नव्हता.

शेवटी मी म्हाताऱ्याला विचारलंच. नाव रुटाबिंग्वा म्हणाला. पलीकडच्या कुरणातला.

"आणि सरकारकडे काय काम, मुझेई?" वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडे मुझेईच म्हणायचं.

"काम कसलं?" तो म्हणाला. "मित्र आहे माझा. माझी गाय आहे त्याच्याकडे."

त्या दिवशी आम्ही कटुंगीला पाय धरून ट्रकखालून ओढून काढला.

झालं होतं असं. गोचीड-तापाच्या नव्या लशीच्या चाचणीसाठी संस्थेला गाई विकत घ्यायच्या होत्या, म्हणून कटुंगीला पैसे देऊन कुरणांकडे पाठवलं होतं. रुटाबिंग्वाच्या घरी तो गेला तर म्हातारा पैशाला हात लावेना. मागे साथ आली तेव्हा आमच्या संस्थेच्या सुईनं त्याचा सगळा कळप वाचला होता, आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच विचार: ही सुई कुणी पाठवली? शेजारी म्हणाले, सरकारनं. मग सरकारला गाय विकायची कशी? द्यायची. आणि दिली तीही कळपातली राणी. गडद तांबडी, म्हणून नाव बिहोगो. शिंगं अशी पसरलेली की दारातून तिला पलंगासारखी तिरकी करून आत घ्यावी लागे.

आमच्याकडे गाय देणं म्हणजे काय, ते कटुंगीला पक्कं ठाऊक होतं. तो काही बाहेरचा नव्हता. देणाऱ्याच्या घरी बसून दूध प्यायलं, गाईच्या पाठीवरून हिरव्या गवताची पेंडी फिरवली, की दोन घरं मित्र झाली. मग मित्राच्या लग्नाकार्याला जायचं, मरणाला जायचं, आणि ती गाय मित्राला विचारल्याशिवाय मारायची नाही. न विचारता मारली तर त्याचा अर्थ एकच, तू मला मेलास.

"मग प्यायलास कशाला?" जोव्हियानं विचारलं.

"मावशी, पुढ्यात भांडं धरलेलं. नाही म्हणून दूध परत करू? माझी आई मला घरात घेईल का?"

"आणि गवत फिरवायलाही आईनंच सांगितलं होतं?"

गाय इतकी देखणी होती की हात आपोआप फिरला, असं कटुंगी म्हणाला. पैसे त्यानं इमानानं हिशेबनिसाकडे परत नेऊन दिले. ते पाहून हिशेबनीस असा घाबरला, की पैसे चोरीला गेले असते तरी इतका घाबरला नसता.

इथवर गंमतच होती. पण चाचणी संपत आली होती. गाई दोन गोठ्यांत ठेवल्या होत्या. एका गोठ्यातल्यांना लस देऊन वर गोचीड सोडले होते. दुसरा गोठा जाळीनं बंद केलेला, तिथे लस नाही, गोचीडही नाही, नुसत्या तुलनेसाठी ठेवलेल्या गाई. बिहोगो या दुसऱ्या गोठ्यात. आणि नियम असा की शेवटी दोन्ही गोठ्यांतल्या गाई मारायच्या, उघडून तपासायच्या आणि बगूमाच्या भट्टीत घालायच्या. चाचणीतलं जनावर फाटकाबाहेर जायचं नाही.

म्हणजे सरकार आपल्या एकुलत्या एका मित्राच्या तोंडावर थुंकणार होतं, आणि ती थुंकी कटुंगीच्या नावावर जाणार होती. त्याचा चेहरा शिळ्या केळ्याच्या सालीसारखा झाला. म्हणाला, मी नोकरी सोडतो, पण मग गाईकडे कोण बघणार? डॉक्टरांना सांगायचं म्हटलं तर काय सांगणार? सरकारनं चुकून दूध प्यायलंय म्हणून?

आम्ही कट वगैरे केला नाही. तसं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. फक्त झालं असं की पहिल्या गोठ्याचं काम नीट उरकलं, आणि दुसऱ्या गोठ्याची पाळी आली तशी मागच्या बाजूची प्रकृती बिघडली. धोबीखान्यात पाणी येईना, त्यामुळे कोट धुतलेले नाहीत. कोट नाहीत तर डॉक्टर गोठ्यात पाऊल कसे टाकणार? कोट आले तर सुऱ्यांना धार नाही, धार लावायच्या यंत्राचा पट्टा तुटलेला. पट्टा आणायला ट्रक काढावा तर ट्रक खोकून खोकून बसून राहिला. आणि बगूमाची भट्टी, जिनं पाणघोडा पचवला, तिला काडी लागेना. बगूमा म्हणाला, सुटा भाग कंपालाहून येईल. किती दिवसांत? त्यानं दाढी खाजवली आणि म्हणाला, एखादी गाय म्हातारी होऊन मरते तेवढ्यात.

आमच्या संचालक डॉक्टर अलान्यो. उत्तरेकडच्या, अचोली जमातीच्या. उंच, शांत, आणि प्रश्न विचारायची भारी खोड. दुसरा कुणी साहेब असता तर ओरडला असता. या बाई चपला काढून धोबीखान्यात शिरल्या, नळ सोडून पाहिला, मग नळाच्या पाइपाचा माग काढत निघाल्या आणि टाकीपाशी पोचल्या. तिथे झडप बंद, आणि झडपेवर जोव्हियाचा रुमाल वाळत घातलेला. बाईंनी रुमालाची घडी करून खिशात ठेवली. पुढे यंत्राचा पट्टा पाहिला. तो तुटला नव्हता, कापला होता. ट्रकच्या धुराड्यात केळीचं पान निघालं. भट्टीपाशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

"बगूमा," त्या म्हणाल्या, "तुझी भट्टी सकाळी गार असते आणि दुपारी तुझं जेवण तिच्यावर गरम होतं. मला राग नाही आलेला. मला फक्त कळून घ्यायचंय. एका गोठ्याला चालू आणि दुसऱ्याला बंद, असं यंत्र मी अजून पाहिलेलं नाही."

बगूमा आजवर कुणालाही भ्यायलेला नाही, पण इतक्या सौम्य आवाजापुढे तो टिकला नाही. त्यानं बोट केलं कटुंगीकडे, आणि कटुंगीनं केलं फाटकाकडे. बाजाराचाच दिवस होता. म्हातारा माझ्या बाकावर बसला होता. मी नुकतंच सांगितलं होतं, की सरकार केस कापायला गेलंय.

बाई आल्या आणि त्याच्या शेजारी बाकावर बसल्या. त्यांना आमची भाषा जेमतेम येई, म्हणून दुभाषा मी. दोन्हीकडचं थोडं थोडं मी गाळून घेत होतो, गाळल्याशिवाय दूधसुद्धा कुणी पीत नाही.

"मुझेई," मी म्हटलं, "हे सरकार."

म्हाताऱ्यानं बाईंकडे नीट पाहिलं. केस कापलेले नव्हते, हे त्याच्या लक्षात आलं असावं. त्यानं त्यांच्या गाईंची खुशाली विचारली. बाईंच्या आजोबांचा कळप लढायांच्या काळात लुटून नेला होता. गाई नाहीत, म्हणाल्या. हे मी गाळलं नाही. म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली, जशी कुणाच्या घरी मयत झालं की ठेवतात.

मग बाईंनी सगळं सांगितलं. गाय मारायची आहे, का मारायची आहे, नियम काय आहे. कटुंगी ट्रकच्या चाकाला टेकून उभा होता. या वेळी चाकाखाली शिरला नाही.

रुटाबिंग्वा म्हणाला, "मारायची असेल तर विचारून मारावी. विचारलंत, म्हणजे मैत्री मोडली नाही. ड्रायव्हर सुटला." कटुंगीनं इतका मोठा श्वास सोडला की ट्रकच्या आरशावरची धूळ उडाली. "आता मी उत्तर देतो. नाही. मित्राला नाही म्हणता येतं."

"आणि मी तरी मारली तर?" बाईंनी विचारलं.

"तर मी इथे येणं बंद करीन," म्हातारा म्हणाला. "मग तुम्हाला कोण भेटायला येतं?"

यावर बाईंना हसू आलं, पण पुरतं आलं नाही. त्या उठून मागे गेल्या, जाळीच्या गोठ्यापाशी. आत बिहोगो उभी होती, शिंगांची कमान डोक्यावर घेऊन. बाई तिच्याभोवती फिरल्या. मग मलाच विचारू लागल्या, जणू मी डॉक्टर: हिला जन्मापासून कधी ताप आला होता का? म्हाताऱ्यानं तिला कशी वाढवली? अंगावरचे गोचीड कोण वेचायचं? मी फाटकाकडे जाऊन आलो आणि म्हाताऱ्याचं उत्तर आणलं. आला नाही. पोरीसारखी. रोज त्याची सून, हातानं, एकूण एक.

"आणि इथे आल्यापासून जाळीत," बाई स्वतःशी म्हणाल्या. "या टेकडीवर हिच्याइतकं स्वच्छ रक्त दुसऱ्या कुणाचं नसेल. आपण असलं रक्त समुद्रापलीकडून बाटल्यांतून मागवतो."

प्रयोगशाळेत बारीक जंतू वाढवायला निरोगी गाईचं रक्त लागतं. ते त्यांना ठाऊक होतंच, पण चाचणीच्या नियमापलीकडे कुणी पाहिलं नव्हतं. नियम म्हणत होता, मारा. बाईंनी पैसे देणाऱ्या परदेशी लोकांना विचारलं, मारण्याचा हेतू जनावर बाहेर जाऊ नये एवढाच ना? वाद बरेच दिवस चालला. तेवढे दिवस भट्टी खरोखरच बिघडली होती, असं बाईंनी स्वतः सगळ्यांना सांगितलं. शेवटी परवानगी आली, ती एका गाईपुरती. जाळीतल्या बाकीच्या गाई विकत घेतलेल्या होत्या, त्यांच्यासाठी विचारायला कुणी मित्र नव्हता. बगूमानं भट्टी पेटवली. त्या दिवशी जेवण त्यानं तिच्यावर गरम केलं नाही.

बिहोगो मात्र आमच्या खात्यात आली. मागच्या बाजूची कर्मचारी. तिचं थोडं थोडं रक्त काढायचं, पण त्यालाही म्हाताऱ्याची परवानगी लागली. रक्त काढतात म्हटल्यावर त्यानं विचारलं, बाणानं? त्याचे आजोबा दुष्काळात गाईच्या मानेला छोटा बाण मारून रक्त काढत आणि दुधात घालून पीत. डॉक्टरची सुई पाहून तो म्हणाला, हा बाण चिमणीच्या शिकारीचा आहे, चालेल. पण एक अट. गाईचं काही घ्यायचं तर आधी तिची स्तुती म्हणायची, उभं राहून, मोठ्यानं. आणि ती मित्रानं म्हणायची. ड्रायव्हरनं नाही.

पहिल्या खेपेला मागची सगळी बाजू गोठ्याभोवती जमली. जोव्हिया नव्या पोशाखात. तिचा रुमाल तिला परत मिळाला होता, इस्त्री करून. म्हातारा काठीवर हनुवटी टेकून उभा. अलान्योबाई गाईसमोर गेल्या, घसा खाकरला, आणि त्यांना आमच्या भाषेतली स्तुती येत नव्हती म्हणून आपल्या अचोली भाषेत बोलू लागल्या. आधी आवाज दबका होता. मग कुठूनसा सूर सापडला, एक पाय जमिनीवर पडू लागला, आणि त्या बोलतच राहिल्या. बहुधा लुटून नेलेल्या कळपातल्या गाई एकेक करून त्यांच्या तोंडी येत होत्या. बिहोगोनं कान पुढे केले. सुई आत गेली तरी शेपूट हललं नाही. मी तर म्हणतो, माझ्या कानांनी ऐकलं, तिनं एकदोनदा होकारही दिला.

झाल्यावर म्हाताऱ्यानं मला विचारलं, काय म्हणाली बाई?

अचोली मला जेवढी येते तेवढ्यात मी सांगितलं. "म्हणाली, तुझी शिंगं म्हणजे नाईलच्या पाण्यावरची होडी, आणि त्या होडीत बसून मी घरी जाईन."

"होडी?" रुटाबिंग्वाच्या कपाळावर आठी पडली. "शिंगाला होडी म्हणतात? आमच्यातल्या कुणी असं म्हटलं असतं तर मी गाय सोडवून घरी नेली असती." त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली, बाईंकडे पाहिलं. त्या डोळे पुसत होत्या आणि गाय त्यांची बाही चाटत होती.

"राहू दे," तो म्हणाला. "तिला सांग, छान झालं. पुढच्या वेळी मी शिकवीन."