एकशे चौतीस सह्या आणि सात माणसं

"सही तुझीच हाय ना? मग आता गळा कशाला काढतोस?" युनियनचा अध्यक्ष म्हादेवशेठ, त्याने रजिस्टर टेबलावरून हरेशकडे ढकललं आणि परत मोबाईलमध्ये डोकं घातलं.

सही हरेशचीच होती. ती लपायची नाही, शेवटच्या अक्षराची शेपटी पार बाजूच्या रकान्यात घुसते. पानाच्या डोक्यावर लिहिलेलं, सर्वसाधारण सभा, रविवार, दुपारी बारा. खाली एकशे चौतीस सह्या. आणि सगळ्यात खाली, दुसऱ्याच पेनाने, ठराव: ईटीपी खातं ठेकेदाराला द्यायला युनियनची हरकत नाही. तिथल्या अकरा कामगारांनी कंपनीच्या गुजरातच्या प्लांटला जावं, नाहीतर राजीनामा द्यावा.

ईटीपी म्हणजे तळोज्याच्या त्या केमिकल कंपनीतलं घाण पाणी साफ करून सोडायची जागा. हरेशने तिथे चौदा वर्षं काढलेली. वास असा अंगात बसलेला की रिक्षात बाजूचा माणूस सरकून बसायचा. ते पण चालत होतं. पण घरी आईला लकवा मारलेला, तिला उचलून बसवायला रोज दोन माणसं लागतात, एक तो आणि एक त्याची बायको प्राची. तो गुजरातला गेला तर प्राची एकटी काय करणार? आणि राजीनामा दिला तर खाणार काय? एवढीच गोष्ट होती. ती शेठला कळत नव्हती असं नाही, कळून त्याला काही वाटत नव्हतं.

हरेश बोलला की ही सभा झालीच नाही, त्या रविवारी सगळे मैदानात होते. शेठ हसला. मैदानात तर रजिस्टर आलेलं ना, बोलला. आणि ते खरं होतं. क्रिकेटचा युनियन चषक शेठच भरवतो. एका पोराने रजिस्टर धरलेलं, एकाने टी-शर्टचं खोकं. सही करा, टी-शर्ट घ्या, पाठीवर शेठचा हात जोडलेला फोटो. हरेशचा टी-शर्ट आत्ता घरी दोरीवर वाळत होता. बरं, फसवलं असं पण म्हणायची सोय नाही. वर सभा लिहिलेलं त्याने वाचलेलं. वाचून सही केलेली, कारण पुढची ओव्हर चालू झालेली. सहा वर्षं सगळे असंच करत होते.

शेठने बोटाला थुंकी लावली आणि पानं मागे उलटली. गेल्या वर्षीचं पान काढलं. बॉयलरची नऊ माणसं ठेकेदाराकडे दिली तो ठराव. सह्यांत हरेशची सही, शेपटीसकट.

"त्या टायमाला आलास काय रं भांडायला? तवा बॉयलरवाल्यांची पोरं उपाशी नव्हती वाटतं."

हरेशच्या कानापासून खाली आग झाली. त्याने खुर्चीला लाथ घातली आणि निघाला.

खाली जिन्यात कोमल उभी. पॅकिंगला काम करते. तिचा नवरा धनेश त्याच नऊ जणांतला. आता त्याच बॉयलरवर, तेच काम, फक्त शर्ट ठेकेदाराचा आणि पगार निम्मा. हरेशला तिच्याकडे बघवेना. पण जिना एवढा अरुंद की एकाला वर जायचं तर दुसऱ्याने खाली उतरायचं, पळायला जागा नाही. तिच्या हातात युनियनच्या नियमांची झेरॉक्स होती, कोपरे दुमडलेले, पेनाने रेघा मारलेल्या. तिने एकच सांगितलं. चाळीस जणांनी लिहून मागितलं तर आठ दिवसांत खास सभा लावावी लागते. तिथे पन्नास माणसं हजर पाहिजेत. पन्नास असली तर ठराव रद्द करता येतो.

हरेशने विचारलं की धनेशच्या वेळी हे का नाही केलं. ती बोलली, केलेलं की. तेव्हा मागणीवर सही करायला चाळीस पण मिळाले नव्हते. तुम्ही पण नाही दिली, भावोजी, तुमची शिफ्ट सुटलेली. तिने हे रागाने पण सांगितलं नाही. रागाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

सह्या तर चहाच्या दोन सुट्ट्यांत झाल्या. एकाहत्तर. एकाने पण कागद वाचला नाही. एक जण सही करून उभाच राहिला, बोलला टी-शर्ट कुठाय. हरेशच्या हातात गरम चहा होता, तो त्याच्या तोंडावर फेकायचा राहिला एवढंच.

सभा लागली सुकापूरच्या समाजमंदिरात, रविवारी दीडला. दुपारच्या शिफ्टची बस सव्वादोनला नाक्यावर येते, म्हणजे कुणाला बहाणा नको. हरेशने सकाळपासून ऐंशी खुर्च्या स्वतः मांडल्या. ओळी सरळ केल्या. मग बसला, आणि मग फोन लावत बसला.

एक कर्नाळ्याला गेलेला सासरच्यांना घेऊन, माकडांचे आवाज येत होते. एकाच्या सोसायटीची मीटिंग होती, तिथे मात्र जायचं होतं. एकाने फोन बायकोला दिला. शैलेश, जो रोज डब्यातली भाजी हरेशबरोबर वाटून खातो, तो बोलला, "तू हायस ना तिथं? मग झालं की." आणि सगळ्यात कहर म्हणजे समोरच्या गाड्यावर चार जण वडापाव खात उभे होते, चौघं पण मेंबर. हरेशने हात करून बोलावलं. त्यांनी पण हात केला, मजेत, आणि मिरची चावत राहिले. अशा लोकांसाठी कोण कशाला मरेल? आणि हरेशला माहीत होतं, गेल्या वर्षी त्या गाड्यावर तोच उभा असता.

आली किती, तर सात. हरेश, कोमल, ईटीपीतलाच काशीकाका, आणि तिथली चार पोरं. नोकरी अकरा जणांची जाणार, त्यातले पाच स्वतःसाठी पण आले नाहीत.

शेठ मात्र वेळेवर. पांढरी गाडी, पांढरे बूट, बूट पुसायला खिशात वेगळा रुमाल. सातांच्या सह्या रजिस्टरात घेतल्या, नियमाने अर्धा तास थांबू बोलला आणि पंख्याखालची खुर्ची पकडली. दोन वाजायला आले तशी कोमल उठली, गाड्यावरच्या चौघांना तरी ओढून आणते म्हणाली आणि उन्हात गेली.

ती गेली तसं शेठने रजिस्टर हरेशच्या मांडीवर ठेवलं. आवाज एकदम घरच्यासारखा केला. कंपनीला अकरा डोकी कमी करायचीत, बोलला. कुठली, ते कंपनीला काय पडलेलं नाही. ते युनियन सांगते, म्हणजे मी सांगतो. ईटीपी नको तर पॅकिंग देऊ. पॅकिंगला बाया जास्ती, त्या काय करणार हायत. तू पन्नासपर्यंत सह्या भर, सभा झाली म्हणून लिहू, ठराव फिरवू.

"भर म्हंजे?" हरेशने विचारलं.

"म्हंजे भर. काशीरामला इचार कशा भरतात त्या."

काशीकाकाने तोवर खिशातून पेन काढलेलं. म्हातारा ईटीपीत हरेशच्या आधीपासून, रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलेलं. त्याने रजिस्टर ओढलं आणि चालू झाला, आणि हात असा फिरत होता की बघत राहावं. शैलेशची वाकडी सही, मग दुसरी, मग तिसरी. मधेच सांगितलं की त्या एकशे चौतीसमधल्या तीस-एक त्याच्याच हातच्या, खाली ठराव कुठला येणार ते तेव्हा त्याला पण माहीत नव्हतं. लाजून नाही, कारागिराने सांगावं तसं. पोरं मान खाली घालून बुटांकडे बघत होती.

हरेशने काकाचा हात लगेच धरला नाही, हे पण खरं. एक सही, दोन, तीन, चार, तो बघत बसला. आईला सकाळी उचलताना प्राचीच्या कमरेत कसा कट्ट आवाज येतो ते त्याला आठवत होतं. अजून एकोणचाळीसच तर राहिल्या. काका पंधरा मिनिटांत संपवेल.

खिडकीतून रस्ता दिसत होता. कोमल डोक्यावर ओढणी घेऊन गाड्याजवळ उभी, हातात ती झेरॉक्स, त्यातली ओळ बोटाने दाखवत होती. चौघांतला एक कागद न बघता तिच्याकडे बघून हसत होता.

हरेशने काकाच्या हातातून पेन काढून घेतलं. त्या चार सह्यांवर काट मारली, कागद फाटेपर्यंत. आधीच्या सात नावांखाली लिहिलं, हजर सात, कोरम नाही, सभा झाली नाही. आणि तिथून पानाच्या तळापर्यंत अशी आडवीतिडवी रेघ ओढली की कुणाला एक नाव पण घुसवायला जागा राहू नये.

शेठने बघितलं आणि खांदे उडवले. त्याचा जुना ठराव तर जागेवरच होता. तो रुमाल काढून बूट पुसायला लागला.

काकाचा चेहरा मात्र पडला. "हरेश, आरं मी पन हाय ना त्या अकरांत," तो बोलला. "दीड वरीस रं. या वयात गुजरातला कोन इचारनार मला? तू एकलाच मालक झालास काय सगल्यांचा?"

हरेशने पेनाला टोपण लावलं आणि काकाच्या खिशात परत ठेवलं. काकाने दुसरं काही विचारलं असतं तर भांडता आलं असतं.

कोमल परत आली, एकटीच, घाम पुसत. चौघं येत नाहीत म्हणाली. मग काकाकडे बघितलं, फाटलेल्या पानाकडे बघितलं. "काय झालं, भावोजी?"

"काय नाय. कोरम नाय," हरेश बोलला. दोन वाजून गेलेले. त्याने खुर्चीवरचा डबा उचलला. "मला निघायचंय आता. बस येईल."