पेल्यांची अठ्ठी

बाबांना तीन वेगवेगळ्या दिवशी टॅरोचा एकच पत्ता आला, आणि त्यांनी दुकान द्यायचं ठरवलं.

आई जाऊन चार महिने झाले होते. आमचं पुस्तकबांधणीचं दुकान. बाबा शिवणार आणि कापणार, आई खळ लावणार आणि चिकटवणार, ही त्या दोघांची पस्तीस वर्षांची वाटणी. शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा आमच्या जागेवर केव्हापासून डोळा होता. आई असताना बाबा त्याला चहा पाजून वाटेला लावत. आता येत्या सोमवारी ते त्याच्या कागदांवर सह्या करणार होते.

"टॅरो म्हणजे काय ते तरी माहीत आहे का तुम्हाला?" मी विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर पत्ते असतात."

"आणि ते सांगतात, दुकान देऊन टाका?"

"सांगत काही नाहीत, दाखवतात. एक माणूस पाठ फिरवून डोंगराकडे चाललाय. मागे आठ पेले, नीट रचून ठेवलेले. पेल्यांची अठ्ठी." बाबा दाभण पुसत होते. गेल्या चार महिन्यांत त्या दाभणाने एकही पुस्तक शिवलं नव्हतं. "तीनदा तोच आला. तुझी आई मला आणखी किती वेळा सांगणार?"

"ती पत्ते काढणारी बाई झेरॉक्सवाल्याची कोण लागते?"

"तुला जिथे तिथे चोरच दिसतात."

"आणि तुम्हाला ती सापडली कुठे?"

"कळलं असंच," म्हणून बाबांनी तोंड फिरवलं. बाबांना खोटं बोलता येत नाही, त्यामुळे ते तोंड फिरवतात. तेव्हाच माझी खात्री झाली, की कुठेतरी पाणी मुरतंय.

मी ग्रंथालयात नोकरी करते. या विषयावरची दोन पुस्तकं आमच्या कपाटात होती. ती दोन दिवसांत वाचून काढली. असली माणसं कशी बोलतात, हे त्यांतल्या एकात सविस्तर होतं. आधी खडा टाकून पाहायचा. समोरच्याच्या चेहऱ्यावर तरंग उठला, की तोच त्याला वाचून दाखवायचा. शुक्रवारी दुपारी मी अर्धी रजा टाकली, बाबांच्या मोबाइलमधून त्या बाईचा नंबर काढून दुसऱ्याच नावाने वेळ घेतली आणि चेहरा कोरा ठेवायचा असं स्वतःला बजावत जिना चढले.

मला वाटलं होतं काळे पडदे असतील, धूप असेल. खोलीत होतं एक टेबल, त्यावर राखाडी कापड, दोन खुर्च्या आणि आतल्या खोलीत गडगडणारं वॉशिंग मशीन. पत्तेवाली बाई साठीची असावी. दोरीला अडकवलेला चष्मा, कोपरावर विरलेला कुर्ता. पोस्टातून निवृत्त झाल्यासारखी दिसत होती. त्यानेच मी जास्त सावध झाले.

"पहिल्यांदाच?" तिने विचारलं.

"हो. नोकरी बदलावी का, ते विचारायचंय."

"घरी कोण कोण असतं?"

खडा पडला, मी मनात म्हटलं. "आई, बाबा. दोघंही मजेत."

पत्त्यांची गड्डी माझ्यापुढे ठेवून तिने नव्या माणसाला सांगायचं ते सगळं सांगितलं. बावीस मोठे पत्ते, ते आयुष्यातल्या मोठ्या वळणांचे. छप्पन्न लहान, रोजच्या जगण्याचे. त्यांत पेले, काठ्या, तलवारी आणि नाणी अशा चार जाती. मृत्यूचा पत्ता आला तरी कोणी मरत नाही.

"आणि मी भविष्य सांगत नाही, हे आधीच सांगते. मला भविष्य कळत असतं, तर हे मशीन मी घेतलंच नसतं. तुम्ही चित्र बघायचं, मी प्रश्न विचारायचे. पिसा आता. मग डाव्या हाताने कापा आणि खालच्या ढिगातला वरचा पत्ता उलटा."

मी पिसले. शिवण्याआधी चौघडी घातलेले कागद सारखे करतात तशी गड्डी टेबलावर आधी लांबीच्या बाजूने ठोकली, मग रुंदीच्या, आणि कापली. पत्ता उलटला.

पाठ फिरवून चाललेला माणूस. मागे आठ पेले.

क्षणभर मी फसले, हे कबूल करायला हवं. वाचलेल्या पानांतलं एकही आठवेना.

"काय दिसतं?" तिने विचारलं.

"पाठ दिसते."

"कोणाची?"

मी पत्ता जवळ ओढला. ती चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "पेले बघा. एकही पडलेला नाही, फुटलेला नाही. वरच्या रांगेत मात्र एकाची जागा मोकळी आहे. लोक याला निघून जाण्याचा पत्ता म्हणतात. मी नेहमी विचारते, तो जातोय ते नको म्हणून, की जे नाही ते शोधायला?"

"अजून एकदा कापू?"

"कापा की."

मी पत्ता मध्ये घातला, पिसले, ठोकले, कापले. पुन्हा अठ्ठी. तिसऱ्यांदा मी डोळे मिटून कापलं, आणि या वेळी लक्ष मनाकडे न देता बोटांकडे दिलं. गड्डीत एका जागी केसाएवढी फट होती. बोट आपोआप तिथेच जात होतं.

"हा पत्ता खुणेचा आहे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "वाकवून ठेवलाय तुम्ही. ज्याला त्याला हाच येणार. झेरॉक्सवाल्याने किती दिलेत?"

"कोण झेरॉक्सवाला?"

तिने चष्मा चढवला, गड्डी ओढून घेतली आणि स्वतः कापली. अठ्ठी. पुन्हा कापली. तलवारींची राणी. पुन्हा, पुन्हा. दहापैकी सात वेळा अठ्ठी आली. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. नाटकात तसा उतरवता येत नाही.

"डिसेंबरपासून निम्म्या लोकांना हीच येतेय," ती म्हणाली. "मला वाटलं, दिवसच तसे आहेत."

मी पत्ता उजेडात धरला. असे पत्ते कागदाचे दोन पदर चिकटवून केलेले असतात. याचे दोन्ही पदर कोणीतरी अलगद सोडवून मध्ये नवा कागद घातला होता. कडा इतक्या सफाईने बसवल्या होत्या, की नख लागत नव्हतं. एवढी सफाई मी एकाच हाताची पाहिली आहे. पण आतल्या कागदाचा ग्रेन आडवा गेला होता. लाकडासारखे कागदालाही उभे-आडवे धागे असतात. ते उलटे धरून चिकटवले, की खळ वाळताना कागद ओढला जातो आणि वाकतो. हे मला सातव्या वर्षी आईने शिकवलं. आईचा ग्रेन कधी चुकला नाही.

"हा कोणी दुरुस्त केला?"

"माझ्या हातून चहा सांडला होता त्याच्यावर. एक बाई यायच्या. त्या म्हणाल्या, द्या इकडे, आठवड्याने देते. घरी मात्र कळता कामा नये, म्हणाल्या, तिथे मला कामाला बंदी आहे. आणि हसल्या." तिने माझ्याकडे पाहिलं. "गड्डी अशी दोन बाजूंनी ठोकणारी तीनच माणसं बघितली मी. त्या, त्यांच्यामागून त्यांचे मिस्टर आले ते, आणि आता तुम्ही. आई मजेत आहे म्हणालात, म्हणून मी गप्प बसले."

वॉशिंग मशीन थांबलं होतं.

"बाबा इथे कसे आले?"

"माझं कार्ड घेऊन. बाईंच्या चष्म्याच्या डबीत सापडलं म्हणाले. बाईंनी इथे येऊन काय विचारलं, ते त्यांना जाणून घ्यायचं होतं. ते मी सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही. म्हटलं, तुमचं तुम्ही विचारा. मग त्यांनी तुमच्यासारखंच कापलं." ती पत्ता माझ्याकडे सरकवत म्हणाली, "न्या. नीट करून आणा, नाहीतर सगळं गाव डोंगराकडे पाठवीन मी."

रस्त्याने चालताना माझ्या संशयाला आता दुसरं कोणी मिळेना, तेव्हा तो माझ्याकडे वळला. दुकान राहावं हे मला कोणासाठी हवं होतं? बाबांना वाटत होतं, आई बोलतेय. ते मी एका वाकड्या पत्त्याने हिसकावून घेणार होते. न सांगणं सोपं होतं. पण मग सोमवारी सही झाली असती, ती चुकलेल्या ग्रेनच्या भरवशावर.

बाबा दुकानात होते. मी पत्ता समोर ठेवला. आधी ते घाबरले, मग त्यांनी तो सवयीने उचलला, अंगठ्याने दोन्हीकडून वाकवून पाहिला, आणि त्यांच्यातला कारागीर चिडला.

"ग्रेन आडवा घातलाय. कोणत्या गाढवाने केलं हे?"

"आईनं."

"काहीतरीच बोलू नकोस."

"डिसेंबरात. त्या बाईंचा भिजला होता. गड्डीत फट राहते बाबा, म्हणून दर वेळी हाच येतो. मलाही आला."

त्यांनी कडेवरून नख फिरवलं. एकदा, दोनदा. नख कुठे अडकलं नाही, तेव्हा ते स्टुलावर बसले.

"डिसेंबरात मीच तिला म्हटलं होतं, आता खळीला हात लावू नकोस," ते म्हणाले. "हात थरथरायचा तिचा. एक वही वाया गेली, आणि मी बोललो. नंतर ती नुसती खुर्चीवर बसून असायची. मला वाटायचं, दमली." त्यांनी पत्ता उताणा केला, पालथा केला. "ऐकलं नाही म्हणजे तिनं."

"नाही ऐकलं."

"म्हणजे मला जा असं कोणी सांगितलेलं नाही."

"नाही."

"राहा असंही नाही."

"नाही."

"मग मलाच ठरवावं लागणार की." एवढं ते वैतागून म्हणाले. माझ्यावरच.

मी पदर सोडवायला पाणी आणू का, विचारलं. त्यांनी पत्ता मुठीत धरला. "याला हात लावायचा नाही. बाईंना दुसरा करून देऊ. चल."

आम्ही शेजारी गेलो. झेरॉक्सवाला खुर्ची पुढे करत उठला. "या काका, सोमवारची सगळी तयारी झालीय!"

"याची रंगीत प्रत काढ. दोन्ही बाजू. जाड कागदावर."

मशीनमधून पत्ता बाहेर आला: पाठ फिरवलेला माणूस, आठ पेले. झेरॉक्सवाल्याने तो कौतुकाने पाहिला. "पत्ते खेळायला लागलात काय? बरं, सोमवारी अकराला येताय ना?"

"सोमवारी नको."

"मग कधी?"

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि दोन्ही पत्ते शेजारी शेजारी धरले.

"निळा फार गडद आलाय," ते म्हणाले. "परत काढ."