दादाभाऊंच्या मांडीतला मी

मित्रांनो, मी एक जुना स्नायू आहे. निमगाव साव्याच्या दादाभाऊंच्या उजव्या मांडीत, गुडघ्याच्या जरा वर माझं घर. खाली बसलेला माणूस उठतो, तो माझ्या जोरावर.

दादाभाऊ नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची कॅरेट गाडीत चढवायचे. कॅरेट उचललं की माझे तंतू ताणले जायचे. तो ताण तंतूंमधले इवलेसे रेणू ओळखायचे आणि आत निरोप धाडायचे. मग एम-टॉर नावाचं प्रथिन जागं व्हायचं. त्याच्या इशाऱ्यावर रायबोसोम नावाचे चिमुकले कारखाने सुरू व्हायचे आणि मटकीतून, अंड्यांतून आलेले कण जोडून नवी प्रथिनं विणायचे. माझ्या कडेला काही पेशी झोपलेल्या असतात. त्याही उठायच्या, वाढायच्या आणि माझ्यात मिसळून आपलं केंद्रक मला देऊन टाकायच्या. कुणी इतकं देतं का हो?

"दादाभाऊ, मांड्या हायेत का खांब, राव?" बाजारातले लोक म्हणायचे. मला फार बरं वाटायचं.

मग म्हातारपणी न्यूमोनिया झाला. दादाभाऊ त्यातून उठले, पण मायेनं त्यांना कुणी हलू दिलं नाही. "आबा, तुमी लई राबलात. आता नुसतं बसायचं," मुलगा भरत म्हणाला. चहा-बिस्किटं बसल्या जागी येऊ लागली. ताणच नाही, तर निरोप कोण धाडणार? एम-टॉर गप्प झालं. बांधणं मंदावलं, मोडणं मात्र चालूच राहिलं. मी वाळत गेलो. सून तेजस्विनी आबांना धरून मोरीत न्यायची, तेव्हा ते मान वर करत नसत. एकट्यानं उठून मोरीपर्यंत जावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

तेजस्विनीला ते कळलं. कळंबच्या फिजिओथेरपीच्या डॉक्टरांकडून ती व्यायाम शिकून आली. आबांच्या घोट्याला तिनं वाळूची छोटी पिशवी बांधली.

"आबा, पाय सरळ करा बरं. आणखी जरासा."

मी थरथरलो, पण आत निरोप निघाला! रोज उकडलेलं अंडं येऊ लागलं. हळूहळू मी भरू लागलो.

एक दिवस शेजारची भागू दारात उभी राहिली. "अगं बया! दुखणेकरी सासऱ्याच्या पायाला वजन? बैल हाय का त्यो?"

"आत्या, व्यायाम हाय त्यो."

"आमाला नको शिकवू!"

संध्याकाळी डेअरीवर दूध घालताना भरतला कुणीतरी विचारलं, "काय राव, बापाला अजून राबवता व्हय?" घरी येऊन तो म्हणाला, "राहू दे ते. लोक नावं ठेवत्यात." सुनेला बोल लागायला नको, म्हणून आबाही गप्प बसले. पिशवी सुटली.

परवा तेजस्विनी बाळाला पाजत होती. आबांना घाई झाली, पण हाक मारायचा संकोच वाटला. खुर्चीचे हात धरून ते उठू लागले. मी होता नव्हता तेवढा जोर लावला. अर्धे उठले, आणि खाली बसले. धोतर ओलं झालं. ती धावत आली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "लाज वाटती गं, पोरी."

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी उठताना थरथरलं, तर चटकन उचलू नका. ते पडणार नाहीत इतक्या जवळ उभे राहा. उठण्याचे कष्ट त्यांचे त्यांना करू द्या. दारातून कुणी काही बोललं, तर बोलू द्या. मी म्हातारा झालोय, पण ताण लागला तर अजून जागा होतो. मला आरामात मरू देऊ नका.