गढ्याचं बाळ

सणावाराला चार नातेवाईक जमले, की एखाद्याच्या तोंडून असं काही निघून जातं, की पुरणपोळीसुद्धा कडू लागावी. जबलपूरच्या बाबाराव काळमेघांकडे यंदा तसंच झालं.

महालक्ष्म्या बसायचा दिवस. त्यांची लेक सुनेत्राआत्या नागपूरहून आलेली. अंबाडीची भाजी निवडता निवडता ती भावजयीला, गीतांजलीला म्हणाली, “वहिनी, बाळं आणायला प्रणालीला नको पाठवू. ते काम घरच्या रक्ताच्या लेकराचं. माझा अपूर्व आणेल.”

फुलांचं ताट घेऊन प्रणाली दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं. गीतांजलीची ही नऊ वर्षांची पोर दत्तक आलेली. घरात ते कोणी लपवलं नव्हतं आणि तिलाही त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. महालक्ष्म्यांसोबत त्यांची दोन बाळंही तुळशीपासून वाजतगाजत घरात आणतात. यंदा ती बाळं आपण आणायची, म्हणून प्रणाली वर्षभर नाचत होती. गीतांजलीचा चेहरा उतरला. पण सणाच्या दिवशी वाद नको, म्हणून ती गप्प बसली. आपणही असेच गप्प बसतो, नाही का?

प्रणाली आजोबांकडे गेली. बाबाराव पेटीतून मुखवटे काढून पुसत होते.

“आजोबा, तुमच्या महालक्ष्म्या कधी येणार?”

बाबारावांचा हात थांबला. “कालपर्यंत तं ‘आपल्या’ होत्या. आज तुमच्या काहून झाल्या?”

झालं! पोरीचा बांध फुटला. “मैं घर की नहीं हूँ न, आजोबा? मेरा खून अलग है. आत्या असं म्हणून राहिली होती.”

म्हाताऱ्यानं तिचे डोळे धोतराच्या सोग्यानं पुसले आणि हाक मारली, “सुनेत्रा, इकडे ये बरं!”

आत्या हात पुसत आली. मागोमाग गीतांजलीही आली. बाबारावांनी दोन्ही बाळं पाटावर ठेवली. मातीची, रंगवलेली, टपोऱ्या डोळ्यांची.

“आपले पूर्वज नागपूरहून इथं आले, तेव्हा बाळांची जोडी संगं आणली होती. त्यातलं एक तुझ्या आईच्या हातून फुटलं. मग इथल्याच गढा मोहल्ल्यातल्या नथ्थू कुंभारानं दुसरं घडवून दिलं. तू तेव्हा जन्मली पण नव्हतीस. सांग, यातलं मूळचं कोणतं?”

“त्यात काय सांगायचं!” आत्यानं झटकन उजवीकडचं उचललं. “हे! नाकीडोळी बघा ना, कसं घरंदाज आहे!”

बाबाराव हसता हसता खोकायला लागले. “अवं, तेच तं नथ्थूचं!”

आत्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. प्रणालीला रडता रडता हसू फुटलं.

“जन्मभर त्याच्या पाया पडलीस, सुनेत्रा. नैवेद्य दाखवताना कधी विचारलंस, तू गढ्याचं का नागपूरचं? आणि रक्ताचंच म्हणशील, तं तुझी आई अमरावतीची, ही वहिनी वर्ध्याची. या घरच्या महालक्ष्म्या आजवर आणल्या कोणी? परक्या रक्ताच्या बायांनीच न! त्यांच्या हातून देवी चालते, अन् या लेकराच्या हातून बाळ चालत नाही? वा रे न्याय!”

 आत्यानं हातातलं बाळ अलगद प्रणालीच्या ओंजळीत ठेवलं. “चुकलं गं माझं, बेटा. तूच आण. दोन्ही आण.”

संध्याकाळी थाळी-घंटा वाजली. गीतांजली मुखवट्यांचं ताट घेऊन, मागं प्रणाली बाळं छातीशी धरून. दारात आत्यानं रीतीप्रमाणे विचारलं, “कोण आलं?”

“महालक्ष्मी आली,” गीतांजली म्हणाली.

“कशाच्या पावलानं?”

“हळदी-कुंकवाच्या पावलानं.”

आत्या थांबली.  रीतीत नसलेला एक प्रश्न तिनं पदरचा घातला, “आणि बाळं कोणाच्या घरी आली?”

“आपल्या!” प्रणाली इतक्या जोरात ओरडली, की अख्खं घर हसलं.

झबली-टोपरी घातल्यावर नथ्थूचं बाळ कोणतं, हे बाबारावांनाही ओळखू येईना.

मंडळी, रक्त जन्मासोबत मिळतं. आपलेपण मात्र घरातल्या माणसांनी द्यावं लागतं. आपल्या एका शब्दानं कुठल्याही लेकरावर स्वतःच्याच घराला ‘तुमचं’ म्हणायची पाळी येऊ नये, एवढं तरी आपण जपूया.